चारशे बारा वेळा उठवलेली सर्व्हिस

"ताई, अंडी गरम लागत्यात," बबनमामा फोनवर म्हणाले. "आन् स्क्रीनवर समदं बरोबर दावतंय."

सकाळचे सव्वादहा वाजले होते. मी दौंडला एका दूध शीतकरण केंद्रात पंपाचं पॅनेल उघडून बसले होते. मामा एरवी फोन केला की आधी घरची चौकशी करतात, मग माझ्या गावाला, केडगावला, पाऊस आहे का विचारतात, आणि शेवटी कामाचं बोलतात. त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही, म्हणून मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

बबनमामा केंदूरजवळच्या एका हॅचरीत काम करतात. हॅचरी म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायचा कारखाना. मालक आहेत आप्पा, त्याच गावचे शेतकरी. आमची कंपनी छोटी आहे, अशा ठिकाणी तापमान सांभाळणारी कंट्रोल सिस्टिम बसवून देते. आप्पांच्या हॅचरीची सिस्टिम तीन वर्षांपूर्वी मी बसवली. तिचा प्रोग्रॅमही माझाच.

अंडी पहिले अठरा दिवस ज्यात ठेवतात त्याला सेटर म्हणतात. दिसायला एखाद्या खोलीएवढं कपाट. आत ट्रेवर ट्रे, मागे मोठा पंखा. दर तासाला ट्रे कलतात. तापमान साडेनव्व्याण्णव फॅरनहाइट ठेवायचं, त्यात अर्धा अंश इकडे तिकडे झाला तरी फरक पडतो. त्या दिवशी सेटरमध्ये एकोणीस हजार अंडी होती आणि सतरावा दिवस चालू होता.

आप्पांनी मामांच्या हातातून फोन घेतला. "मॅडम, माझ्या मोबाईलवर बी नव्व्याण्णव पॉइंट पाचच हाय. बबनला उगं वाटतंय."

मागून मामांचा आवाज आला. "आप्पा, त्यो आकडा सकाळपास्नं हाललाच न्हाई."

मी लॅपटॉप उघडला आणि दौंडहून केंदूरच्या मशीनमध्ये लॉग-इन केलं.

इथे थोडं समजावून सांगते. सेटरच्या भिंतीवर डबा आहे, त्यात एक लहानसा कॉम्प्युटर. त्यावर लिनक्स चालतं. त्याला ना कीबोर्ड, ना माऊस. त्यावर काही प्रोग्रॅम कुणालाही न दिसता सतत चालू असतात, त्यांना आम्ही सर्व्हिस म्हणतो. एक सर्व्हिस स्क्रीनवर आकडे दाखवते, एक मोबाईलवर पाठवते. सगळ्यात महत्त्वाची 'सेटर कंट्रोल': ती दर दोन सेकंदांनी सेन्सरला तापमान विचारते आणि हीटर लावायचा की थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा हे ठरवते.

मी 'सेटर कंट्रोल'ची स्थिती विचारली. उत्तर आलं, रनिंग. तेवीस दिवस सलग रनिंग. एरर शून्य.

तेवढ्यात पुण्याहून सावंत सरांचा फोन. ते माझे बॉस.

"मनीषा, आप्पांचा मेसेज आलाय. मी ऑफिसच्या स्क्रीनवर डॅशबोर्ड बघितला, सगळं हिरवं आहे. तू दौंड सोडू नकोस."

"सर, ग्राफ बघितलात? सात वाजून दहा मिनिटांपासून सरळ रेघ आहे."

"सरळ आहे म्हणजे कंट्रोल चांगलं आहे."

"इतकं चांगलं मी लिहिलेलं नाही, सर."

चालू सेटरचं तापमान कधी सरळ राहत नाही. चार, सहा, पाच, चार असं दशांशात हलत असतं. सरळ रेघ म्हणजे कुणीतरी जुनाच आकडा पुन्हा पुन्हा दाखवत होतं.

मी मामांना सांगितलं, शेजारच्या खोलीतला काचेचा थर्मामीटर आणा, मधल्या ट्रेमध्ये ठेवा, दार लावा आणि दहा मिनिटं थांबा. ती दहा मिनिटं मी रेघेकडे बघत बसले. ती तशीच पुढे सरकत होती.

"येकशे येक आन् वर चार," मामा म्हणाले.

सतराव्या दिवशी अंड्यातलं पिल्लू जवळजवळ पूर्ण झालेलं असतं आणि ते स्वतःची ऊब स्वतः तयार करतं. अशा हजारो पिल्लांची ऊब एका कपाटात साठते. पहिल्या आठवड्यात सेटर अंडी तापवतो, शेवटच्या आठवड्यात त्याचं मुख्य काम थंड करणं असतं. आणि थंड पाण्याचा व्हॉल्व्ह सात दहापासून बंद होता, कारण माझ्या प्रोग्रॅमचा शेवटचा हुकूम 'बंद' हा होता. धोक्याचा भोंगा वेगळ्या सेन्सरवर चालतो, तो एकशे दोनला वाजतो. तिथवर अजून गेलं नव्हतं.

"आप्पा," मी म्हणाले, "पॅनेलवर ऑटो-मॅन्युअलची चावी आहे. मॅन्युअल करा. मामांना पाण्याचा व्हॉल्व्ह हातानं उघडू द्या."

आप्पा कचरले. त्यांची अडचण मला कळत होती. थर्मामीटर जुना होता. तो चुकीचा असेल आणि अंडी विनाकारण गार पडली, तर आतली पिल्लं दगावली असती. एका बाजूला तीन वर्षं बरोबर निघालेला स्क्रीन, दुसऱ्या बाजूला बबनमामा आणि एक काचेची नळी.

"मॅडम, तुमची खात्री हाय?"

"स्क्रीन चुकतोय याची आहे."

मग आप्पा म्हणाले, "बबन, घे चावी."

मामांनी व्हॉल्व्ह हातात घेतल्यावर मी दौंडहून माझी सर्व्हिस मारली. आमच्या धंद्यात असंच म्हणतात. प्रोग्रॅम अडकला की त्याला मारायचं. तो परत उभा राहायला पाहिजे, अशी सोय केलेली असते.

ती सोय काय, ते सांगायला हवं. लिनक्स सुरू होतं तेव्हा सगळ्यात आधी एक प्रोग्रॅम जागा होतो. त्याचा नंबर एक. बहुतेक मशीनवर त्याला सिस्टिम-डी म्हणतात. बाकी सगळ्या सर्व्हिस तो सुरू करतो, ठरलेल्या क्रमानं. त्यातली एखादी मेली की त्याच क्षणी त्याला कळतं, त्याला विचारत फिरावं लागत नाही. मग तो एका छोट्या फाइलमध्ये बघतो. या सर्व्हिसचं काय करायचं, उठवायचं की राहू द्यायचं? उठवायचं असेल तर किती सेकंद थांबून? त्या फाइलमध्ये मी तीन वर्षांपूर्वी लिहिलं होतं की नेहमी उठव, पाच सेकंद थांबून. पण एका मिनिटात पाच वेळा पडली तर नाद सोड.

आता माझ्या स्क्रीनवर नंबर एकच्या ओळी येऊ लागल्या. सर्व्हिस मेली. पाच सेकंदांनी उठवली. तिनं सेन्सरला हाक मारली, तीन सेकंद वाट बघितली, उत्तर नाही, पुन्हा मेली. पुन्हा उठवली. असं पाच वेळा झालं. मग शेवटची ओळ आली, सर्व्हिस फेल्ड, फार लवकर लवकर सुरू होतेय, आता सुरू करत नाही.

डॅशबोर्ड लाल झाला आणि सावंत सरांचा परत फोन आला.

"काय केलंस? आता तर लाल झालं."

"सर, आता ते खरं सांगतंय. मी केंदूरला निघालेय."

चौफुल्यावरून पारगावच्या पुलानं भीमा ओलांडली आणि न्हावऱ्याकडे लागले. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, ओव्हरटेक करायला जागा नाही. दर पंधरा मिनिटांनी मी गाडी बाजूला घेऊन फोन करत होते. एकशे एक पॉइंट दोन. शंभर पॉइंट आठ. तळेगाव ढमढेरेला मामा म्हणाले, "आता जरा जास्तच उतराय लागलंय, म्या पानी निम्मं केलं." शिक्रापूर सोडलं तेव्हा शंभरवर होतं. जे काम माझा प्रोग्रॅम दर दोन सेकंदांनी करायचा, ते मामा व्हॉल्व्हवर हात ठेवून करत होते.

पोचल्यावर चपला बदलल्या, जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये पाय बुडवले आणि आत गेले. मामा सेटरसमोर स्टुलावर बसले होते, एक हात व्हॉल्व्हवर. थर्मामीटर नव्व्याण्णव पॉइंट आठ दाखवत होता.

"मामा, तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी ट्रेमधलं एक अंडं उचललं आणि मिटलेल्या पापणीवर टेकवलं. "हितली कातडी लई पातळ. धा वर्सं झाली, रोज सकाळी लावतू. आज चटका न्हाई बसला, पर रोजच्यापरीस निराळं लागलं." मग ते म्हणाले, "आमच्यात करडू-कोकरू आजारी हाय का, ते बी असंच बघत्यात."

हे रोज करतात, हे आप्पांनाही माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

मी डबा उघडला. सेन्सरची वायर कॉम्प्युटरला जोडणारा अंगठ्याएवढा कन्व्हर्टर असतो. त्याचा दिवा पेटलेला होता. वायर काढून बघितली तर तांबं हिरवं पडलं होतं. सेटरच्या दमट हवेनं आणि पंख्याच्या थरथरीनं तीन वर्षांत ते झालं होतं. वायर कापली, नवीन टोक केलं, बॅगेतला दुसरा कन्व्हर्टर लावला आणि सर्व्हिस सुरू केली. तापमानाचा आकडा आला. पुढच्या दोन सेकंदांनी तो एक दशांशानं हलला. त्या एका दशांशाचा मला फार आनंद झाला.

मग माझी चूक शोधली. ती सापडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सुरू होताना सेन्सरची वाट तीन सेकंदच बघायची, हे मी लिहिलं होतं. चालू असताना किती वाट बघायची, हे लिहायला विसरले होते. सात दहाला कन्व्हर्टर गप्प झाला आणि माझा प्रोग्रॅम उत्तराची वाट बघत उभा राहिला. तो मेला नव्हता. मेला असता तर नंबर एकनं उठवला असता, मग तो पाच वेळा पडला असता आणि सव्वासातच्या आत डॅशबोर्ड लाल झाला असता. नंबर एकला मेलेलं कळतं. श्वास चालू असलेलं पण गोठलेलं कळत नाही.

"आप्पा, चूक माझी आहे," मी म्हणाले.

"मशीनची न्हाई?"

"नाही. मी लिहिलेल्या प्रोग्रॅमची."

आप्पांनी टोपी काढून हातात घेतली, परत घातली. "मग आता काय करायचं ते करा."

करायच्या आधी मी लॉग वाचायला घेतला. लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी. काय झालं आणि कधी झालं, एवढंच त्यात असतं. हा कन्व्हर्टर आज पहिल्यांदाच त्रास देतोय का, एवढंच मला बघायचं होतं. म्हणून 'सेटर कंट्रोल पडली, परत उठवली' अशा ओळी मोजायची कमांड दिली.

उत्तर आलं, चारशे बारा.

मला वाटलं कमांड चुकली. पुन्हा दिली. चारशे बारा. मग एक एक ओळ वाचायला लागले.

पहिली ओळ सिस्टिम बसवल्यानंतर पाचव्या महिन्यातली होती. वायर ढिली पडायला तेव्हा सुरुवात झाली असावी. कन्व्हर्टर आजच्यासारखा नुसता गप्प न होता क्षणभर पूर्ण तुटायचा, माझी सर्व्हिस एरर येऊन मरायची. नंबर एक पाच सेकंद थांबायचा आणि उठवायचा. तोवर कन्व्हर्टर परत जागेवर आलेला असायचा. कधी दिवसातून तीन-चार वेळा, कधी महिनाभर एकदाही नाही. पावसाळ्यात ओळींची रांग लागली होती. पाच सेकंदांत सेटरचं तापमान काही बदलत नाही. त्यामुळे आप्पांना कळलं नाही, मामांना कळलं नाही आणि मलाही कळलं नाही.

तारखा वाचता वाचता मला माझेच दिवस आठवायला लागले. एका डिसेंबरातली दुपार होती. त्या दुपारी मी मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला पुढच्या रांगेत बसले होते. त्या एका दुपारी माझी सर्व्हिस दोनदा पडून उठली होती. एका भाऊबीजेला सकाळी साडेनऊला. वडिलांच्या ऑपरेशनच्या दिवशी मी फोन बंद करून ठेवला होता, त्या दिवशी चार वेळा. मी हॉस्पिटलच्या बाकावर होते, हॅचरीचं नावसुद्धा मनात नव्हतं. इकडे अंडी होती, आणि दर वेळी बरोबर पाच सेकंदांनी कुणीतरी माझं काम उचलून परत उभं करत होतं.

बावीस वर्षं मी या धंद्यात आहे. नंबर एक काय करतो हे मला पाठ आहे, नव्या मुलांना मी ते शिकवते. एखाद्या प्रोग्रॅमचा जन्मदाता आधी मेला तर त्या पोरक्या प्रोग्रॅमला नंबर एकच्या पदरात घालतात, हेसुद्धा मी फळ्यावर काढून दाखवते. पण ते मी कधी असं बघितलं नव्हतं. मी एका मिनिटात एक ओळ लिहिली होती आणि विसरून गेले होते. त्यानं ती चारशे बारा वेळा पाळली. मी स्टुलावर बसून राहिले. अंगावर काटा आला होता, आणि थोडी लाजही वाटत होती.

"काय झालं, ताई?" मामांनी विचारलं.

मी त्यांना सोप्या भाषेत सांगितलं. मामांनी डब्याकडे बघितलं. "म्हंजी ह्यो बी सांभाळतच हुता."

"सांभाळत होता, मामा. पण इतक्या वेळा पडतंय, हे त्यानं लिहून ठेवलं आणि मी वाचलं नाही."

सावंत सरांना फोन केला. ते म्हणाले, "मग सोपं आहे. ती पाच वेळांची मर्यादा काढून टाक. कितीही वेळा पडू दे, उठवत राहू दे. क्लायंटला लाल दिसायला नको."

"सर, ती मर्यादा नसती तर आज मी सर्व्हिस मारल्यावर पण हिरवंच राहिलं असतं. तुम्ही मला दौंडलाच बसवलं असतं."

"मग तुझं काय म्हणणं आहे?"

माझं म्हणणं तीन गोष्टींचं होतं. मर्यादा राहील आणि ती ओलांडली की मामांच्या आणि आप्पांच्या फोनवर थेट कॉल जाईल. चालू असताना वाट बघायलाही वेळेचं बंधन. आणि वॉचडॉग. वॉचडॉग म्हणजे सर्व्हिसनं दर काही सेकंदांनी नंबर एकला 'मी आहे' असं कळवायचं. ठरलेल्या वेळेत निरोप आला नाही, तर सर्व्हिस जिवंत दिसत असली तरी तिला मारून परत उठवायचं. ही सोय नंबर एककडे पहिल्यापासून होती, मी मागितली नव्हती. त्यात एक अट मी घातली. 'मी आहे' हे ताजं तापमान हातात आल्यावरच म्हणायचं, उगाच नाही.

सरांनी विचारलं, "बाकी ठिकाणी पण असंच असेल का?"

"बघावं लागेल, सर."

"बघ. दौंडला मी दुसरा माणूस पाठवतो."

दुपारी तीनपर्यंत बदल झाले. मग मी मुद्दाम सर्व्हिस गोठवली, म्हणजे मारली नाही, नुसती जागेवर थांबवली. आप्पा आणि मामा मागे उभे होते. स्क्रीनवरचा आकडा थांबला. मी मनातल्या मनात मोजत होते. तिसाव्या सेकंदाला नंबर एकनं तिला मारलं, पस्तिसाव्याला उठवलं, आकडा परत हलायला लागला. कुणी कशाला हात लावला नव्हता.

आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आन् ह्या येक नंबरला कोन बघतं?"

असा प्रश्न मला इंजिनीअरिंगच्या मुलांनी फार कमी वेळा विचारलाय. मी सांगितलं की तो मेला तर सगळं मशीनच थांबतं, त्याच्याशिवाय ते चालू शकत नाही. आणि डब्यात एक वेगळं घड्याळ आहे. नंबर एकनं त्याला सारखं कळवत राहायचं. नाही कळवलं तर ते घड्याळ मशीन बंद करून नव्यानं चालू करतं. ते घड्याळही मी त्याच दिवशी चालू केलं होतं.

"आन् त्या घड्याळाला?"

"त्याच्यापुढं मशीन संपतं, आप्पा. पुढं माणूस."

आप्पांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून पॅनेलशेजारी एक वही लटकली. मामांनी रोज सकाळी आकडा आणि आपलं मत दोन्ही लिहायचं. मामांना लिहायचा कंटाळा, म्हणून ते 'बरं' किंवा 'बरं न्हाई' एवढंच लिहितात.

एकविसाव्या दिवशी मी सुट्टी टाकून केंदूरला गेले. अंडी आता शेवटच्या तीन दिवसांच्या कपाटात, हॅचरमध्ये होती. काम काहीच नव्हतं. दार उघडायच्या आधीच आतून आवाज येत होता, हजारो बारीक चोचींचा एकत्र आवाज. मामांनी एक ट्रे ओढून दाखवला. एका अंड्याला आतून भोक पडलं होतं, त्यातून चोच दिसत होती. ती दोनदा हलली, मग थांबली. मला वाटलं संपलं. मामा म्हणाले, "दम खातंय." मिनिटभरानं कवच कडेनं फुटत गेलं आणि ओलं पिल्लू बाहेर पडलं. मी एका कारखान्यात उभी आहे, याचा मला विसर पडला होता.

सगळी नाही निघाली. वरच्या दोन ट्रेंमध्ये उष्णता जास्त साठली होती, तिथली बरीच अंडी तशीच राहिली. बाकी ट्रेंमधून पिल्लं नेहमीइतकीच निघाली. आप्पांनी ते दोन ट्रे मला मुद्दाम दाखवले. ते मी बघायलाच हवं होतं.

नंतरच्या महिनाभरात आम्ही सगळ्या साइटचे लॉग तपासले. सात ठिकाणी कुठली ना कुठली सर्व्हिस अशीच पडत होती आणि उठत होती. सातही ठिकाणी डॅशबोर्ड हिरवा होता. एका ठिकाणी मोजणी हजाराच्या पुढे गेली होती आणि तिथला मॅनेजर मला म्हणाला, तुमच्या सिस्टिमला कधीच प्रॉब्लेम येत नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी एकच आकडा काढते, कोण किती वेळा पडलं. उठवणारा विश्वासू असला की पडण्याची तक्रार कुणीच करत नाही. ती आपण जाऊन विचारावी लागते.